घासलेले नंबर

माझ्या दुकानात भिंतीवर दोन याद्या लावलेल्या आहेत आणि तिसरी टेबलाच्या खणात आहे. पहिली गिऱ्हाइकांसाठी: इथे काय दुरुस्त होत नाही. त्यात इस्त्री, मिक्सर, घड्याळ आणि 'जाता जाता जरा बघा' असं म्हणून पुढे केलेली कोणतीही वस्तू, अशा चार ओळी आहेत. दुसरी माझ्यासाठी: कुठल्या ट्रान्झिस्टरच्या जागी कुठला चालतो आणि तो कुठे मिळतो. तिसऱ्या यादीबद्दल मी आजवर फारसं कोणाशी बोललेलो नाही. हा लेख खरं तर तिच्यासाठीच लिहितो आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला थोडं मागे जावं लागेल.

नगरच्या कापड बाजारामागच्या गल्लीत मी लाऊडस्पीकरची मशीनं दुरुस्त करतो. कागदोपत्री त्याला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात, पण लग्नात, जत्रेत, शाळेच्या गॅदरिंगला ते मशीनच असतं. काम काय, तर माइकमधून आलेला बारीकसा करंट मोठा करून भोंग्याला द्यायचा. हे काम आत बसलेले ट्रान्झिस्टर करतात. नळाची तोटी करंगळीने फिरवता येते, पण तिच्यामागे अख्ख्या टाकीचं पाणी असतं. तसंच हे. माइक म्हणजे करंगळी, बॅटरी म्हणजे टाकी, ट्रान्झिस्टर म्हणजे तोटी. शेवटच्या टप्प्याला मोठे ट्रान्झिस्टर जोडीने लावतात आणि ती जोडी बैलांसारखी सारख्या ताकदीची लागते. एक तगडा आणि एक मरतुकडा जुंपला, की आवाज फाटतो आणि तगडाच आधी मरतो.

प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर त्याचा नंबर छापलेला असतो. तो नंबर म्हणजे त्याचं नाव, गाव आणि कुवत. नंबर असला तर दुरुस्ती सोपी. नसला तर काय होतं, ते आता सांगतो.

मात्र गिऱ्हाइकाचं बोलणं नीट लिहून घ्यायची सवय मला कशी लागली, ते आधी सांगायला हवं. शिर्डीच्या एका लॉजचे मालक आरतीसाठी लावलेलं मशीन घेऊन आले होते. तक्रार काय विचारली तर म्हणाले, "आवाज स्वच्छ येतो, पण भाव येत नाही." मी दोन तास तपासलं. दोष सापडला नाही. शेवटी खर्जाचं बटण थोडं पुढे आणि बारीक आवाजाचं थोडं मागे केलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आता आला." तेव्हापासून मी वहीत तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहितो आणि पुढे उपाय लिहितो. 'भाव येत नाही: खर्ज वाढवला.' हा उपाय पुढे दोन ठिकाणी लागू पडला.

चौऱ्याण्णव सालच्या मार्चमधल्या एका पानावर अशी नोंद आहे: 'गेणूभाऊ, कोल्हार. मशीन मुकं झालंय, पण जितं हाय.'

गेणूभाऊ कोल्हारचे लाऊडस्पीकरवाले. पंचावन्नच्या आसपासचे, उंच, डोक्याला टोपी, आणि बोलताना हात नेहमी माइक धरल्यासारखा तोंडाजवळ. वीसेक वर्षं प्रवरेच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावांतली लग्नं त्यांनी वाजवली होती. मशीन सत्तरच्या आसपासचं, जाड पत्र्याचं, राखाडी, बॅटरीवर चालणारं. वीज नसलेल्या मळ्यातही ते वाजायचं.

"काय करू मिस्तरी," ते म्हणाले, "दिवा लागतो, माइकावर टिचकी मारली की आत कुठंतरी कुजबुज होती, पर भोंगा काय बोलत न्हाई."

"गेणूभाऊ, आता नवीन घ्या. हल्ली छोटी, हलकी मशीनं आली आहेत."

"घीन की. पर चोवीस एप्रिलनंतर." मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. चोवीस एप्रिलला त्यांच्या सुमनचं लग्न होतं. नवरदेव राहात्याचा. व्याह्यांच्या पुतण्याचा नवा साउंड सिस्टिमचा धंदा होता, कपाटाएवढे डबे आणि रंगीत दिवे. व्याह्यांनी निरोप पाठवला होता, की मशीन आम्हीच आणतो, तुम्ही निवांत बसा.

"म्या निवांत बसू?" गेणूभाऊ म्हणाले. "पंचक्रोशीतल्या लोकांच्या पोरींची लग्नं या मशीननं लावली. भटजींनी मंगलाष्टक म्हनलं ते याच्यावर. आन माझ्या पोरीच्या लग्नात म्या परक्याच्या डब्याम्होरं हात जोडून हुभा राहू? गाव काय म्हनंल? गेनूचं मशीन गावाला चाललं, घरी न्हाई चाललं."

पाच आठवडे होते. मी म्हटलं, ठेवून जा.

झाकण काढलं. पाठीमागे पंख्याच्या पात्यांसारख्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर चार मोठे ट्रान्झिस्टर. मीटर लावला. दोन मेलेले, दोन जिवंत. जुन्या जर्मेनियम जातीचे. ही जात तेव्हाच दुर्मिळ झाली होती. हल्लीची सिलिकॉनची जात त्यांच्या जागी सरळ बसत नाही, कारण प्लस-मायनस उलटं लागतं आणि आतले ट्रान्सफॉर्मरही जुन्याच हिशोबाने गुंडाळलेले असतात. तरी नंबर कळला असता, तर शोधता आला असता. मी कापसाने डोकी पुसली आणि माझं डोकं तापलं. चारही ट्रान्झिस्टरांचे नंबर कानशीने घासून टाकलेले होते.

बाहेरच्या वाचकांना हे विचित्र वाटेल, पण आमच्या धंद्यातली ही एक जुनी खोड आहे. मेकॅनिक दुर्मिळ पार्ट मिळवतो, बसवतो आणि त्याचा नंबर घासून टाकतो. म्हणजे पुढच्या वेळी गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं, तर तिथला मेकॅनिक डोकं खाजवत बसतो आणि गिऱ्हाईक फिरून आपल्याकडेच येतं.

"कोण गाढव होता हा?" मी गेणूभाऊंना विचारलं. "कोणाकडून दुरुस्त करून घेतलं होतं?"

गेणूभाऊ वर पंख्याकडे बघायला लागले. "लई वरसं झाली बगा," ते म्हणाले.

मी पद्धतशीर माणूस आहे. कागद घेतला आणि शक्यता लिहिल्या. त्या आकारात, त्या जातीत, आपल्याकडे सहज येणारे नंबर चार-पाचच. त्यांतला सगळ्यांत जास्त चालणारा एडी एकशे एकोणपन्नास. दोन्ही जिवंत ट्रान्झिस्टर मीटरवर साधारण तसेच वागत होते. पुण्याला जाऊन दोन आणले, बसवले, एक भोंगा जोडला. मशीन खणखणीत बोललं. मी समाधानाने यादीतल्या त्या ओळीवर बरोबरची खूण केली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोल्हारला चाचणी ठेवली. मीही गेलो, कारण गेणूभाऊंनी जेवणाचं आमंत्रण दिलं होतं आणि पुरणपोळीचं नाव घेतलं होतं. मारुतीच्या देवळावर चार भोंगे चार दिशांना बांधले. गेणूभाऊंनी माइक हातात घेतला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" झालं, गाण्याच्या रेकॉर्डचा तावा लागला. गावातली दहा-वीस मंडळी पारावर येऊन बसली. सुमन दारातून बघत होती. पंधरा मिनिटं सगळं सुरेख. मग गाण्यातल्या बाईचा आवाज पुरुषासारखा झाला, मग बेडकासारखा झाला, आणि मशीनच्या मागून करपल्याचा वास आला.

पारावरचे एक म्हातारबुवा म्हणाले, "गेनू, बाई दमली वाटतं तुजी."

लोक हसले. गेणूभाऊही हसले, पण त्यांनी माइक खाली ठेवला तेव्हा हात तोंडाजवळ गेला नाही. मी पहिल्यांदाच त्यांचा हात मोकळा लोंबताना पाहिला. पुरणपोळी चांगली होती, पण मला दुसरी गेली नाही.

चूक माझी होती. मी एका भोंग्यावर चाचणी घेतली होती. चार भोंगे म्हणजे चौपट ओढ, आणि मी लावलेला बैल त्या ओढीचा नव्हता. मूळचा ट्रान्झिस्टर नक्कीच याच्या दुप्पट-तिप्पट करंट झेलणारा होता. पण कोणता?

मग मुंबई. लॅमिंग्टन रोडला अख्खा दिवस घातला. बावीस दुकानांची यादी केली होती, एकेक खोडत गेलो. एकोणिसाव्या दुकानदाराने हसतमुखाने एक जोडी काढून दिली. भारी करंटची, हवी ती जात, नंबर कोरा करकरीत. कोरा करकरीत बघूनच मला संशय यायला हवा होता. नगरला येऊन थिनरच्या बोळ्याने पुसलं, तर नंबर बोळ्यावर आला. खाली घासलेलं डोकं. कोणीतरी स्वस्तातल्या ट्रान्झिस्टरचा नंबर घासून वर दुसरा छापला होता.

नेमके त्याच वेळी गेणूभाऊ दुकानात आले. मी तो काळा झालेला बोळा त्यांच्यापुढे धरला आणि मनात साठलेलं सगळं बोललो. नंबर घासणारे हे लोक धंद्याला लागलेली कीड आहेत. हा मुंबईचा एक, आणि तुमच्या मशीनचे नंबर घासणारा तो दुसरा. तो समोर आला असता तर मी त्याच्या कपाळावर कानस चालवली असती. असल्या माणसाला डाग द्यायचा कय्या हातात धरायचा अधिकार नाही. गेणूभाऊ मान डोलवत राहिले. मध्येच खोकले. मग "येतो मिस्तरी" म्हणून काहीच न विचारता निघून गेले.

एकोणीस एप्रिलला ते पुन्हा आले. मी तयारीत होतो. माझं दुकानातलं चांगलं मशीन पुसून टेबलावर ठेवलं होतं.

"गेणूभाऊ, मी हरलो," मी म्हटलं. "हे माझं मशीन न्या. लग्नात वाजवा, नंतर आणून द्या. कोणाला सांगायची गरज नाही. वरून तुमच्या मशीनचं झाकण लावून देतो, हवं तर."

त्यांनी माझ्या मशीनकडे पाहिलं, मग स्वतःच्या मशीनकडे पाहिलं, टोपी काढली, परत घातली. "मिस्तरी, येक इचारू का? राग मानू नका."

"विचारा."

"तुमाला खरंच ठावं न्हाई?"

"काय?"

"हे नंबर कुनी घासले त्ये."

"मला कसं माहीत असणार?"

"तुमीच घासलेत की."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"माळीवाड्याच्या स्टँडापाशी तुमची पत्र्याची टपरी हुती," ते म्हणाले. "सत्त्याहत्तर साल. तुमाला मिसरूड हुती बारीकशी. म्या हेच मशीन घिऊन आल्तो. तुमी चार ट्रान्झिस्टर बशिवले आन मला म्हनला, गेनूभाऊ, दोन च्या सांगून या. म्या च्या घिऊन आलो तर तुमच्या शर्टावर समदा चांदीवानी भुगा. म्या म्हनलं, ह्ये काय? तुमी म्हनला, गंज काढतोय."

मला तो शर्ट आठवला. निळ्या चौकड्यांचा. त्या शर्टावरचा भुगाही आठवला. माणसाला आपल्या अंगावरचा भुगा सतरा वर्षांनी आठवतो तेव्हा कसं वाटतं, ते मला सांगता येणार नाही. कान गरम होतात, एवढं नक्की.

"मग चार आठवडे बोलला का नाहीत?"

"आदी वाटलं, तुमचं तुमाला ठावं असंल. म्हनूनच तर तुमच्याकडं आनलं, दुसऱ्याला कसं कळायचं? मग तुमी पुन्याला गेला, म्हंबईला गेला. म्या म्हनलं, मिस्तरी एवढं फिरत्यात, त्यात काय तरी हिकमत असंल. आन मग तुमी त्या घासनाऱ्याला शिव्या द्यायला लागला. तुमी लई मनापासून देत हुता. मधी कसं बोलावं?"

सत्त्याहत्तर साली मी याद्या करत नव्हतो. सगळं डोक्यात ठेवायचो आणि त्याचा मला अभिमान होता. याद्या सुरू केल्या त्या एक्क्याऐंशीनंतर, लग्न झाल्यावर, आणि त्याही आधी किराणा मालाच्या. त्यामुळे वहीत शोधून काही मिळणार नव्हतं. मी खुर्चीवर बसलो, डोळे मिटले आणि उलटा चालत गेलो. निळा शर्ट. टपरी. चार मोठे ट्रान्झिस्टर. ते विकत घेतलेले नव्हते, कशातून तरी काढलेले होते. पेचकसाने, गुडघ्यावर एक जड डबा धरून. तो डबा हिरवा होता.

"भिंगार," मी म्हटलं.

भिंगारला लष्कराची छावणी आहे आणि लष्कराचं मोडीत निघालेलं सामान लिलावात घेणारे व्यापारी जुन्या बाजारात आहेत. त्यांतल्या करीमभाईंकडून मी तरुणपणी वायर, ट्रान्सफॉर्मर, मीटर असं बरंच काही घेतलं होतं. ते चार ट्रान्झिस्टर अशाच एका लष्करी डब्यातले. नंबर घासण्याचं आणखी एक कारण आता मला स्वच्छ आठवलं. माल मोडीतला आहे, हे कोणाला कळू नये. नवा कोरा बसवला, असं मी गेणूभाऊंना सांगितलं होतं. हेही मी त्यांना तिथेच सांगून टाकलं.

"मोडीतला व्हय?" ते म्हणाले. "सतरा वरसं वाजला की. नव्याचं काय घिऊन बसला."

माझ्या स्कूटरवर आम्ही दोघं भिंगारला गेलो. करीमभाई आता पांढऱ्या दाढीचे झाले होते. दुकानाच्या तोंडाशी वजनकाट्याजवळ उशीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांना हिरव्या डब्याबद्दल विचारलं.

"सत्त्याहत्तरचा माल आज विचारतोस?" ते म्हणाले. "अरे भाई, त्यानंतर अर्धी छावणी माझ्या दुकानातून गेली."

"आठ ट्रान्झिस्टरचा डबा होता. मी त्यातले चार काढले होते. बाकीचे चार तुम्ही मला दिले नाहीत, कारण मी घासाघीस केली म्हणून तुम्ही रागावला होता."

"हां," करीमभाई म्हणाले. "ते आठवतं. तू फार कंजूष होतास." त्यांनी चष्मा वर केला, जरा विचार केला, आणि मग सावकाश मान खाली घालून स्वतःच्या दोन गुडघ्यांमध्ये पाहिलं. उशीखाली हिरवा रंग होता.

सतरा वर्षं ते त्या डब्यावर बसत होते. मी मुंबईची एकोणीस दुकानं पालथी घातली आणि माल माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर करीमभाईंच्या बुडाखाली होता.

"देतो," ते म्हणाले, "पण मग मी बसू कशावर? या उंचीचं दुसरं मिळत नाही. काटा बरोबर डोळ्यासमोर येतो."

मी परत नगरला गेलो आणि माझं दुकानातलं फिरतं स्टूल स्कूटरवर बांधून आणलं. करीमभाईंनी बसून पाहिलं, एकदा डावीकडे फिरले, एकदा उजवीकडे फिरले, काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. फिरायचा फायदा आहे." तिथेच झाकण उघडलं. चार ट्रान्झिस्टर रांगेत बसलेले, आणि चारही डोक्यांवर नंबर शाबूत. ए एस झेड सोळा. गेणूभाऊंनी चष्मा मागून घेऊन तो वाचला, एखाद्याच्या लग्नपत्रिकेवरचं नाव वाचावं तसा, दोनदा.

चारांपैकी एक वयोमानाने गळका निघाला. जर्मेनियमला ते होतंच. उरलेले तीन आणि जुन्या दोनांतला बरा एक, अशा दोन जोड्या मीटरवर जुळवल्या, अभ्रकाच्या नव्या चकत्या घातल्या, आणि या वेळी दुकानाच्या मागच्या बोळात चारही भोंगे जोडून तीन तास वाजवलं. शेजारच्या कापडवाल्याने मला काय म्हटलं, ते छापण्यासारखं नाही.

चोवीस तारखेला मी सहकुटुंब कोल्हारला गेलो. व्याह्यांच्या पुतण्याचे डबे टेम्पोतून आले होते, पण टेम्पोतून उतरले नाहीत. पुतण्या भला निघाला. माझ्याजवळ येऊन त्याने मशीनच्या मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे आतले कुठे मिळतात?"

"भिंगारला मिळायचे," मी म्हटलं. "आता संपले."

मंगलाष्टकं झाली. चार भोंग्यांतून, चार दिशांना, नदीपलीकडच्या मळ्यांपर्यंत. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, आणि गेणूभाऊंनी भटजींच्या हातातला माइक घेतला. आलेल्या पाहुण्यांचे आभार मानले, व्याह्यांचे मानले, आचाऱ्याचे मानले. मग म्हणाले, "आन ह्ये मशीन आज वाजतंय त्ये नगरच्या आमच्या मिस्तरींच्या किरपेनं. त्ये हितंच बसल्यात, टाळ्या वाजवा."

टाळ्या झाल्या. मी अर्धवट उठून नमस्कार केला.

"पाच हप्ते बंद पडून राह्यलं हुतं," गेणूभाऊ म्हणाले, "त्येबी त्यांच्याच किरपेनं."

पंचक्रोशीने ते ऐकलं. कारण कोणालाच कळलं नाही, पण हसले सगळे. सुमन, मुंडावळ्या बांधलेली, नवरीने हसू नये हे विसरून हसत होती. मी यादी करायची ठरवली ती त्या क्षणी, हातात उरलेल्या अक्षता असताना.

तीच ही तिसरी यादी. टपरीच्या काळात मी ज्या मशीनांचे नंबर घासले, त्यांची. आठवून आठवून अकरा नावं निघाली. रविवारी दुकान बंद असलं की एकेक गाठायला जातो, झाकण उघडतो, नंबर शोधून काढतो आणि आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाही मेकॅनिकला वाचता यावा. सात झाली. गेणूभाऊंच्या मशीनमध्ये नंबराखाली माझं नावही आहे. ते त्यांनी माझ्या हातून लिहवून घेतलं. नंतर आपण नवीन घेऊ असं म्हणाले होते, ते अजून घेतलेलं नाही.

चार राहिली आहेत. एक जामखेडकडच्या बँडवाल्यांचं, हिरव्या पत्र्याचं. एक पाथर्डीच्या बाजूच्या शाळेचं, त्याच्या कोपऱ्यावर शाईची दौत सांडल्याचा डाग आहे. एक नेवाशाच्या भजनी मंडळाचं. आणि एक कोणाचं ते आठवत नाही, फक्त माइकाच्या बटणाच्या जागी शर्टाचं बटण बसवलेलं होतं. तेही मीच बसवलं होतं. यांपैकी एखादं आपल्याकडे असेल, चालत असो वा नसो, तर दुकानावर घेऊन या. चहा माझ्याकडून. तो आणायला मीच बाहेर जाईन, तुम्ही मशीनजवळ बसा.